पेरूच्या गावात सफरचंदाचा तक्ता

मुलांना फळं-भाज्या आवडत नाहीत ही मोठ्यांनी उठवलेली अफवा आहे. आज जरा स्पष्टच लिहिणार आहे, नातेवाईक मंडळींनी रागावू नये.

आमच्या राहात्याकडे पेरूच्या बागेला राखण ठेवतात ती दोघांसाठी, पाखरांसाठी आणि पोरांसाठी. गाभुळलेल्या चिंचा, कवठ, खिसा भरून बोरं, शेजारच्याच्या वावरातली काकडी, हरभऱ्याचे टहाळे, मातीसकट उपटून बाहीला पुसलेलं गाजर... यातलं काहीही खायला कुठल्या पोराला कधी 'प्रोत्साहन' द्यावं लागलंय? मार द्यावा लागायचा, तोही खाऊ नये म्हणून! आणि आता त्याच गावांतल्या शाळांमध्ये 'मुलांमध्ये फळे व भाज्यांची आवड निर्माण करणे' असं उद्दिष्ट लिहून कार्यक्रम होतात. आवड आहे हो. फळ कुठंय ते सांगा.

सप्टेंबर म्हणजे राष्ट्रीय पोषण माह. २०१८ पासून दरवर्षी असतो. माझी वहिनी नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचंय) एका छोट्या सरकारी शाळेवर शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी आहे. महिनाभर तिच्याकडे प्रभातफेरी, घोषवाक्यं, रांगोळी, चित्रकला, पालकांचं प्रबोधन असं सगळं चालतं आणि प्रत्येकाचा फोटो वर पाठवायचा. मागे चित्रकलेत पहिल्या आलेल्या मुलीने टोपलीभर फळं काढली होती, तिला बक्षीस मिळालं बिस्किटाचा पुडा. मी हसले तर वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही हसा. पण बक्षिसाला पैसे माझ्या पर्समधले, आणि पुडा दहा रुपयाला येतो. दहा रुपयात किती फळं येतात सांगा." यावर काय बोलणार?

त्याच चित्रातली फळं बघा. सफरचंद, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अननस. वर्गातल्या तक्त्यावर तीच छापलेली, म्हणून चित्रात तीच. त्या गावाने आयुष्यात अननसाचं झाड पाहिलेलं नाही. पण शिवारात सीताफळं पिकून फुटतात, बांधावर बोरी आहेत आणि तालुक्याच्या बाजारात डाळिंबाचे लिलाव होतात, तरी तक्त्यावर सीताफळ नाही. मूल शिकतं काय, तर फळ म्हणजे दुकानात मिळणारी, बाहेरून येणारी, महाग वस्तू. मग आईबापही म्हणतात, फळं आपल्याला कुठली परवडायला.

आता जरा हिशोब. (कंटाळू नका, छोटा आहे.)

शाळेतलं जेवण म्हणजे आपली खिचडी, कागदावर 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण'. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. शिजवलेलं अन्न सुरू झालं ते सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये आदेश दिल्यावर. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला भाजी ७५ ग्रॅम. फळ? फळाची ओळच नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगते. म्हणजे एका सरकारी संस्थेच्या ताटात फळ आहे आणि सरकारच्याच शाळेतल्या ताटात ते नाही.

पैसे बघा. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. बाकी सगळ्यासाठी मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, त्याच्या आधी ६ रुपये १९ पैसे होता. वाढ ५९ पैशांची. डाळ १२० रुपये किलो धरली तर २० ग्रॅमचे दोन रुपये चाळीस पैसे. तेलाचे पाऊण रुपया. उरले साडेतीन रुपयांच्या आसपास. त्यात गॅस, मीठ-मसाला आणि ५० ग्रॅम भाजी. भाजी चाळीस रुपये किलोने मिळाली तर दोन रुपये गेले. ऐंशीला गेली की भाजीनेच चार रुपये खाल्ले, म्हणजे गॅस लावायचा कशावर? मग काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. बटाटा. बटाटा भाजीत मोजला जातो, टिकतो, चिरायला सोपा. आणि चिरणारी बाई महिन्याला अडीच हजार मानधनावर राबत असते, तिने शंभर पोरांची मेथी निवडावी अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी घरी दोन जुड्या निवडून दाखवाव्यात.

वर पुन्हा तक्रार ऐकायची, 'पोरं भाजी ताटात बाजूला काढतात.' अहो, चार फोडी बटाट्याच्या असतील तर बाजूला काय काढणार?

आता केळ्याची गोष्ट. ही खरी चीड आणणारी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की शाळेत आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ. 'स्थानिक फळ' हे शब्द सरकारी कागदावर पाहून मला केवढा आनंद झाला होता! आठवड्यातून एकदा का होईना, पेरू-सीताफळाला शाळेच्या दारातून आत यायची वाट झाली होती. पण ते फळ बदलीचा खेळाडू म्हणून आलेलं, जे अंडं खातात त्यांना फळ नाहीच. जणू अंडं खाणाऱ्या मुलाला पेरूची गरज नसते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दुसरा निर्णय आला, अंड्यासाठी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी वेगळा निधी नाही, हवं तर शाळेच्या समितीने लोकसहभागातून करावं. मुख्य खेळाडूच संघाबाहेर गेला, तिथे बदलीच्या खेळाडूला कोण विचारतो?

साखरेचं वाचून तर मी वहिनीला फोनच केला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, जिथे गळिताच्या दिवसांत रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात, त्या जिल्ह्यातल्या पोरांच्या खिरीत साखर लोकवर्गणीतून!

शेजारी कर्नाटकात मुलांना अंडं, केळं किंवा चिक्की मिळते, आणि २०२४ पासून एका मोठ्या फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस. इंग्लंडमध्ये राहणारी माझी मावसबहीण सांगते, तिच्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं शाळेत रोज एक फळ किंवा गाजर-टोमॅटोसारखं काहीतरी हातात मिळायचं. ती योजना तिथे २००४ पासून आहे, चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तिथेही तक्ते असतीलच. पण तक्त्याबरोबर फळ आहे.

'लोकसहभाग' या शब्दावर माझा राग का, तेही सांगते. वाढदिवसाला शाळेत जेवण द्यावं, केळी वाटावीत, चांगलंच आहे, आमच्या घरातही देतात. पण पाटाच्या पाण्यावरच्या गावात बागायतदार आहेत, तिथे वर्षात वीस जण देतील. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवर कोण देणार? पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीनंतर गावात नसतातच, तिथल्या समितीने वर्गणी कुणाकडे मागायची? ज्याच्या घरी फळ येतं त्यालाच शाळेतही मिळणार आणि ज्याला कुठेच मिळत नाही त्याला घोषवाक्य. याला योजना म्हणायचं?

परसबागेचंही तसंच. केंद्राने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी सूचना काढल्या, आपल्याकडे परसबागांच्या स्पर्धाही होतात. परसबागेच्या मी मुळीच विरुद्ध नाही. हात धुतलेलं पाणी वळवून लावलेला शेवगा आणि कढीपत्ता वहिनीच्या शाळेत मस्त वाढलाय, शेंगा आमटीत पडतात, पोरं चोखून खातात. पण ज्या पारनेर-पाथर्डीच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथल्या दोन शिक्षकांनी पाणी आणून वांगी-टोमॅटो जगवायचे, मे महिन्यात सुट्टी, जूनमध्ये बदली, आणि पुन्हा नव्याने वाफे करून फोटो. चार वाफ्यांतून साठ पोरांची आठवड्याची भाजी निघत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. बाग मुलांना शिकवायला उत्तम, पोट भरायला नाही. सरकारने तिच्यावर ५० ग्रॅमचा भार टाकू नये एवढंच.

आणि शिकवायचंच असेल तर जिल्ह्यात बघायला काय कमी आहे? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वालाचं, भाताचं, भाज्यांचं बी राखलं, बायांना परसबागा शिकवल्या, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा फोटो किती शाळांत लागला असेल! फोटोपेक्षा त्यांच्या वालाची उसळ एकदा ताटात पडली असती तर... असो.

मग करायचं काय, असं माझे दादा विचारतीलच (ते हा ब्लॉग वाचतात आणि फोनवर प्रतिक्रिया देतात :) ). दादा, तुम्हीच सांगा, पेरूची प्रतवारी झाल्यावर जो बारीक, डागी माल कॅरेटमध्ये उरतो तो काय भावाने जातो? वीस-तीस रुपये किलोने आनंदाने द्याल ना? साठ मुलांच्या शाळेला माणशी १०० ग्रॅम म्हणजे सहा किलो. दीडशे रुपये, तीस धरले तरी एकशे ऐंशी. मुलामागे दोन-तीन रुपये. तो माल खायला काही वाईट नाही, फक्त मुंबईच्या दुकानात शोभत नाही. टोमॅटो पडला की संगमनेरकडे रस्त्यावर ओतलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्यातलं एक कॅरेट शाळेत गेलं असतं तर?

पण जाणार कसं? डाळ-तेलासारखा माल वरच्या खरेदीने ठेकेदाराकडून येतो, आणि फळाचंही तसंच केलं तर सोलापूर-जळगावहून पिवळी धमक केळी येतील, पोचेपर्यंत काळी पडतील आणि मुलांना फळ आवडत नाही असा अहवाल जाईल. भाजीचे पैसे शाळेच्या हातात येतात तसेच फळाचे यावेत, वेगळी ओळ लिहून, आणि मुख्याध्यापकांना गावातल्याच बागेतून, शिवारातून घेता यावं. जूनमध्ये जांभळं, दिवाळीच्या आगेमागे सीताफळं, थंडीत पेरू आणि बोरं, मग कवठ-चिंचा, चैत्राच्या सुमारास कलिंगड. डाळिंबाचा बहार धरेल तसा. ज्या दिवशी फळ मिळालं नाही त्या दिवशी काकडी. राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे, कुठल्या तालुक्यात कधी काय पिकतं याचं कोष्टक त्यांना एका दुपारी करता येईल.

'न धुतलेली फळं खाऊन पोरं आजारी पडली तर?' हा प्रश्न एका अधिकारी नातेवाईकाने मला विचारला. धुवून द्या! याच स्वच्छतेच्या नावाखाली माझ्या ओळखीच्या एका शाळेच्या फाटकापाशी बोरं-चिंचा विकणारी आजी उठवली गेली. समोरच्या दुकानात मात्र रंगीत पुड्यांच्या माळा लोंबतात. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे, राज्याने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असले पदार्थ काढायला सांगितलं होतं. मी पावलं मोजली. दुकान वीस पावलांवर आहे. तिथे पाच रुपयाला पुडा मिळतो, मधल्या सुट्टीत गर्दी असते, आणि दुकानदाराला आवड निर्माण करायला ना फेरी काढावी लागते ना रांगोळी. वस्तू समोर टांगलेली आहे, पोराच्या हाताला येते, किंमत खिशात मावते.

आजी हल्ली बसस्टँडवर बसते. शाळेपासून दीड किलोमीटर.