अँटीव्हायरसची कपात ऊसबिलातून नको



काही सभासदांनी गट ऑफिसमार्फत एक सूचना पाठविली आहे. कारखाना ज्याप्रमाणे बेणे, खते व औषधे एकत्रित खरेदी करून सभासदांना देतो आणि ती रक्कम ऊसबिलातून वळती करून घेतो, त्याचप्रमाणे घरोघरच्या कॉम्प्युटरसाठी व टॅबसाठी अँटीव्हायरस एकगठ्ठा विकत घ्यावे आणि त्याचीही कपात बिलातून करावी, अशी ही सूचना आहे.

सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल आम्हास शंका नाही. उसाचे बिल बँकेत जमा होते, बँक मोबाईलवर आली आहे, आणि त्याच मोबाईलवर किंवा टॅबवर घरातली पोरं गेम खेळतात. बारा ते अठरा महिने राबून आलेला पैसा एका बोटाच्या दाबाने जाऊ शकतो, ही भीती काही खोटी नव्हे. तरीसुद्धा या सूचनेला आमचा विरोध आहे. पैसा वाचवायचा म्हणून नव्हे, तर भोक एकीकडे आणि ठिगळ दुसरीकडे असे होऊ नये म्हणून.

आधी विषाणू म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरचा विषाणू हवेतून येत नाही. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्राम असतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आय.बी.एम. पद्धतीच्या पी.सी. वरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीतून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचा. त्या काळी, आणि पुढेही बरीच वर्षे, घरच्या मशीनला स्वतःचे असे संरक्षण फारसे नव्हते. म्हणून अँटीव्हायरसचा धंदा उभा राहिला आणि त्यात आपला मराठी माणूसही मागे राहिला नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात उभे केलेले ‘क्विक हील’ देशभर पोहोचले. त्याचा आपणास अभिमानच आहे. त्या वेळी ज्याने अँटीव्हायरस घेतले, त्याने शहाणपणाच केला. आता प्रश्न आजचा आहे, आणि आज कॉम्प्युटर आणि टॅब यांचे उत्तर वेगवेगळे आहे.

घरच्या कॉम्प्युटरचे प्रथम घेऊ. आपल्याकडील बहुतेक कॉम्प्युटर विंडोजवर चालतात. अशा मशीनला अँटीव्हायरस पाहिजेच, यात दुमत नाही. परंतु २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ नावाचे अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था अशा मालाची नियमित तपासणी करते आणि तिच्या अलीकडच्या चाचण्यांत डिफेंडर विकतच्या मालाच्या बरोबरीने उभा राहिलेला आहे. तेव्हा घरी पोरांचा अभ्यास, हिशेब आणि फोटो एवढेच काम असेल, तर जे आधीच दारात उभे आहे ते पुन्हा विकत कशासाठी घ्यायचे? दुसरे अँटीव्हायरस बसविले की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, हेही ध्यानात ठेवावे. नव्या मशीनबरोबर दोन-तीन महिन्यांचे फुकट अँटीव्हायरस आले असेल, तर मुदत संपल्यावर ते काढून टाकावे आणि डिफेंडर चालू झाला की नाही ते पाहावे. मुदत संपलेला पहारेकरी दारात बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र डिफेंडर चालू आहे म्हणून निर्धास्त राहणे हेही बरोबर नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरातील मशीन बंद पाडली. तो फायलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. ज्या फटीतून तो पसरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, त्यांच्या मशीनवर ती फट राहिली नव्हती. यालाच ‘अपडेट’ म्हणतात. पोरं ते ‘नंतर करू’ म्हणून पुढे ढकलतात, आणि आपणही बांध फुटेपर्यंत उंदराच्या बिळाकडे पाहत नाही, त्यातलीच ही गत. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या घरी विंडोज ७ किंवा ८ अजून चालू आहे, त्यांची स्थिती याहून नाजूक आहे. अशा मशीनवर विकतचे अँटीव्हायरस बसवून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुजलेल्या दाराला नवे कुलूप लावण्यासारखे आहे.

आता टॅबविषयी. कोरोनाच्या काळात, २०२० व २०२१ साली, शाळेसाठी म्हणून अनेक घरांत टॅब आले. हे बहुतेक अँड्रॉईडचे आहेत. त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र कप्पा असतो आणि एका ॲपला दुसऱ्याच्या कप्प्यात सहसा डोकावता येत नाही. अँटीव्हायरसचे ॲपही असेच आपल्या कप्प्यात बसते. म्हणून कॉम्प्युटरवर ते जेवढे खोल जाऊन तपासते, तेवढे टॅबवर तपासू शकत नाही. शिवाय टॅबमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ ही गूगलची तपासणी आधीपासूनच चालू असते. ॲपलच्या आयपॅडमध्ये तर बंधने याहून कडक आहेत. तिथे एका ॲपने दुसरी ॲप्स तपासावीत ही सोयच नाही.

आणि जे विकले जाते, ते सगळे खरे असते असेही नाही. ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या तपासणी संस्थेने २०१९ साली अँड्रॉईडची २५० अँटीव्हायरस ॲप्स तपासली. चांगल्या ॲप्सना चुकीचे न ठरवता वाईटांपैकी ३० टक्क्यांहून अधिक पकडणारी त्यात निघाली फक्त ८०. बाकीची काय कामाची? आपल्या भाषेत सांगायचे तर डब्यावर औषधाचे नाव आणि आत नुसते पाणी. ‘तुमच्या टॅबमध्ये ४ व्हायरस आहेत, ताबडतोब येथे दाबा’ अशा जाहिराती येतात, त्या तर दाबूच नयेत. इंटरनेटवरच्या पानाला असे काही बाहेरून तपासता येत नसते.

मग पैसे जातात ते कशाने? तर आपल्याच हाताने. व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी पी.एम. किसानची यादी म्हणून, तर कधी गाडीचा दंड म्हणून. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘ए.पी.के.’ अशी अक्षरे असतात. पत्रिका म्हणजे चित्र असते, यादी म्हणजे कागद असतो, ए.पी.के. म्हणजे मात्र ॲप असते. ते बसविताना टॅब बजावतो की हे अनोळखी ठिकाणाहून आले आहे. आपण ‘चालेल’ म्हणतो. मग ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते, आपण तीही देतो. त्यानंतर बँकेचा ओ.टी.पी. आपल्या आधी दुसऱ्याने वाचलेला असतो. आणि फाईल आलेली असते ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. पाहुण्यानं पाठवलंय म्हणजे खरंच असणार, इथंच घात होतो.

ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. चाबूक काणी बेण्यातूनच शेतात आली, तर पुढे कितीही फवारण्या केल्या तरी उपयोग होत नाही. अख्खे बेट उपटून जाळावे लागते, आणि त्या फडाचा खोडवाही ठेवता येत नाही. म्हणून शहाणा शेतकरी बेणेमळा पाहून बेणे घेतो आणि लागणीपूर्वी बेणेप्रक्रिया करतो. ॲपचेही तेच आहे. ते कुठून घेतले आणि त्याला कशाची परवानगी दिली, यावर सगळे अवलंबून आहे. प्ले स्टोअरवरही क्वचित वाईट माल सापडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या ए.पी.के. च्या मानाने तो धोका कितीतरी कमी आहे. फोनवर गोड बोलून ओ.टी.पी. विचारणाऱ्याला तर कोणतेच अँटीव्हायरस अडवू शकत नाही.

कुणी म्हणेल, मग विकतचे अँटीव्हायरस कुणालाच नको काय? तसे नाही. सोसायटीच्या सचिवाचा कॉम्प्युटर, झेरॉक्सचे दुकान, दिवसभर गावाचे पेन ड्राईव्ह ज्याला लागतात ते मशीन, यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे चांगल्या कंपनीचे पैसे भरून घेतलेले संरक्षण आणि जाणकाराची देखरेख दोन्ही पाहिजेत. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ विषाणूमुळे न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम खोळंबले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. सहकारी संस्थांनी यापासून बोध घ्यावा. परंतु संस्थेला लागणारा खर्च सरसकट प्रत्येक सभासदाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ज्याच्या घरी फक्त साधा टॅब आहे, त्याच्या बिलातून अँटीव्हायरसचे पैसे कापणे म्हणजे विहीर नसलेल्याला मोटरची वर्गणी मागण्यासारखे आहे.

तेव्हा कपातीऐवजी पुढील गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवितो :

१. प्रत्येक गट ऑफिसात हंगामापूर्वी एक दिवस मोबाईल व टॅब तपासणीचा ठेवावा. बाहेरून आलेली ॲप्स काढणे, परवानग्या पाहणे आणि अपडेट करून देणे एवढेच काम असावे. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातील कर्मचाऱ्यांना ते सहज जमेल.

२. ज्या जुन्या टॅबला कंपनीकडून अपडेट येणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे ॲप ठेवू नये. तो पोरांच्या अभ्यासाला खुशाल वापरावा.

३. सातबारा, पासबुक, फोटो व हिशेब यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कपाटात ठेवावी. काम झाल्यावर डिस्क मशीनपासून सोडवून ठेवावी. वर्षानुवर्षे अँटीव्हायरसला द्यायचे पैसे यात घातले तर ते सार्थकी लागतील.

४. पैसे गेल्याचे समजताच लाजू नये, थांबू नये. १९३० या नंबरवर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

यावर सभासदांचे मत आम्हाला हवे आहे. विरोधी मतही अवश्य कळवावे, ते याच पानावर छापले जाईल. वार्षिक सभेत हा विषय आलाच, तर आपल्या घरातला टॅब कोण वापरतो आणि त्यावर कोणकोणती ॲप्स कुठून आली आहेत, एवढे प्रत्येकाने आधी पाहून यावे. मग बिलातून काय कापायचे आणि टॅबमधून काय काढायचे, ते ठरवायला वेळ लागणार नाही.