केटलिन क्लार्क आणि आयोवाची जुनी सवय

केटलिन क्लार्कचा विषय ऑफिसात निघाला की पाचव्या मिनिटाला भांडण ठरलेलं. एक पार्टी म्हणते, या एका पोरीने अमेरिकेतलं महिला बास्केटबॉल जिवंत केलं. दुसरी म्हणते, कसलं काय, टीव्हीवाल्यांनी चढवून ठेवलीय. मला दोन्ही पटत नाही. आणि विकांताला दुसरं काही काम नसल्याने (म्हणजे कपाट आवरायचं होतं, पण त्याला मी काम मानत नाही) इथे सविस्तर लिहितेय.

टीव्हीवाल्यांचा मुद्दा पटकन निकालात काढू. तीन गुणांची रेषा साधारण बावीस फुटांवर असते, आणि ही बाई तीस फुटांहून लांबून, मैदानाच्या मधल्या लोगोजवळून बॉल टाकते आणि तो जातो! फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनविरुद्ध तिने असाच एक टाकून महिलांचा एनसीएए विक्रम मोडला, आणि त्या दिवशी एकटीने ४९ गुण केले. कॉलेज संपेपर्यंत एकूण ३,९५१. मग डब्ल्यूएनबीएच्या पहिल्याच मोसमात सामन्यागणिक सरासरी ८.४ असिस्ट, लीगमध्ये सगळ्यात जास्त. चेंडू हातातून घालवण्याचा विक्रमही त्याच मोसमात तिच्याच नावावर लागला, तेही सांगायला हवं. पण जाहिरात करून असिस्ट मिळत नाहीत.

आता पहिल्या पार्टीकडे वळते, कारण खरी मजा तिथे आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाच्या किनिक स्टेडियममध्ये, म्हणजे चक्क फुटबॉलच्या मैदानात, आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा एक प्रदर्शनी सामना झाला. ५५,६४६ माणसं आली. लोक म्हणाले, बघा क्लार्कची जादू. कबूल. पण ही जादू आयोवातच का चालली? मक्याची शेतं आणि डुकरं यांच्यासाठी प्रसिद्ध असलेलं राज्य ते. तर मंडळी, तिथे मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून होत आलीय. तोही एक वेगळाच खेळ होता, सिक्स-ऑन-सिक्स नावाचा. एका संघात सहा मुली. तिघी एका अर्ध्यात फक्त बास्केट करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवणार. मधली रेषा ओलांडायची नाही, आणि बॉल दोनदाच आपटायचा. (खो-खोत मधली पाटी ओलांडली की फाऊल, तसंच काहीसं.) कारण काय, तर पूर्ण मैदानभर पळणं बायकांच्या नाजूक प्रकृतीला झेपणार नाही! हे आयोवातल्या शेतकऱ्यांच्या मुलींबद्दल!!

पण गंमत अशी की या अर्धवट खेळावर लोकांनी जीव टाकला. छोट्या छोट्या गावांच्या शाळा डी मॉइनला फायनलसाठी यायच्या तेव्हा ऑडिटोरियम खचाखच भरायचं, टीव्हीवर सामने दिसायचे. हे १९९३ पर्यंत चाललं. विद्यापीठात क्लार्कला शिकवणाऱ्या जॅन जेन्सन शाळेत असताना हेच खेळायच्या आणि १९८७ मध्ये सामन्याला सरासरी ६६ गुण करायच्या. त्यांची आजी १९२१ च्या विजेत्या ऑडुबॉन संघात होती. म्हणजे क्लार्क येण्याआधी तिथल्या प्रेक्षकांच्या किमान तीन पिढ्या मुलींचा खेळ तिकीट काढून बघत होत्या. सर्व्हर कधीचा सुरू होता, असं आमच्या भाषेत म्हणता येईल.

मग क्लार्कसारखी कोणी आधी झाली नाही का? झाली ना. डेनिस लाँग. युनियन-व्हिटन नावाची बारकीशी शाळा, १९६८ साली एका सामन्यात १११ गुण, शालेय कारकिर्दीत ६,२५०. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिला ड्राफ्टमध्ये निवडलं, हो, पुरुषांच्या एनबीएमध्ये. कमिशनरने ती निवड रद्द केली. तिच्यासाठी कॉलेजची स्कॉलरशिप नव्हती, महिलांची लीग तर नव्हतीच. डब्ल्यूएनबीएचा पहिला मोसम १९९७ चा. लाँग पुढे फार्मासिस्ट झाली.

दुसरी लिनेट वुडर्ड. कॅन्ससकडून १९८१ पर्यंत ३,६४९ गुण, तेही तीन गुणांची रेषा नसताना आणि पुरुषांच्या मोठ्या बॉलने. पण तेव्हा महिलांचे सामने एनसीएए चालवत नव्हती, म्हणून तिच्या विक्रमांच्या यादीत वुडर्डचं नावच नव्हतं. क्लार्कने तिला मागे टाकलं तेव्हा कित्येकांना ती पहिल्यांदा कळली. डेटा मायग्रेट करताना जुनी टेबलं कुणी आणलीच नाहीत, आणि वर म्हणायचं की यूजर नवीन आहे. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून "एकटीने जिवंत केलं" म्हटलं की मला खटकतं. क्लार्क अफाट आहेच. पण लाँगकडे नव्हतं ते क्लार्ककडे होतं: १९७२ च्या टायटल नाईन कायद्यामुळे आलेली स्कॉलरशिप, पूर्ण मैदान, आणि पुढे जायला लीग. या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच बायकांनी भांडून मिळवल्या. ते भांडण संपलेलंही नाही. २०२४ च्या कॉलेज फायनलला १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रेक्षक होते, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त, आणि हे पहिल्यांदाच झालं. त्यानंतर साधारण आठवड्याने ड्राफ्टमध्ये पहिली निवड झालेल्या क्लार्कचा पहिल्या वर्षाचा लीगमधला पगार ७६,५३५ डॉलर. कॅलिफोर्नियात बऱ्याच फ्रेशर इंजिनियरांना याहून जास्त मिळतं हो! (नायकेचे पैसे वेगळे, पण बाकीच्या खेळाडूंमागे नायके कुठून येणार?) जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या जणी "आमचं देणं द्या" अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या ते उगाच नाही.

२०२५ च्या मोसमात दुखापतींमुळे क्लार्क जेमतेम १३ सामने खेळली. तरी तिची इंडियाना फीव्हर सेमीफायनलला पोचली आणि लास वेगासला पाचव्या सामन्याच्या ओव्हरटाइमपर्यंत घेऊन गेली. ९८-१०७ ने हरल्या. तो सामना बघितला नसेल तर जरूर बघा. क्लार्क त्यात एक मिनिटही खेळत नाही.