उत्तर न देणारी पेटी

घरातील दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी ही सारी मोबाइलच्या एका पडद्यावरून चालविण्याची सोय आता आपल्याकडील साध्या घरांतही येऊ लागली आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. मुलगा दुबईला, आईवडील गोव्यातल्या गावच्या घरी, आणि मुलाने तेथून रोज सातच्या बातम्या आईसाठी लावून द्याव्यात, यात कौतुक करण्यासारखेच पुष्कळ आहे. आमचा आक्षेप आहे तो एवढाच की, केबलची पेटी या मंडळात बसणारी नव्हे. आणि ती बसते असे आपण उगाच धरून चालतो.

ही पेटी घराघरांत आली ती २०११ सालच्या कायदादुरुस्तीमुळे. केबलचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करावयाचे ठरले आणि चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली. यांतल्या पुष्कळ पेट्यांना इंटरनेट ठाऊक नाही. त्यांना कळते ती केवळ रिमोटची भाषा. म्हणून पेटीसमोर एक लहानसा प्रेषक बसवितात. रिमोटच्या खुणा त्याला एकदा शिकविल्या की मोबाइलवरून हुकूम येताच तो त्या जशाच्या तशा पेटीकडे धाडतो.

या खुणा अवरक्त प्रकाशाच्या असतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या रंगपट्टीत तांबड्याच्या पलीकडे तापमापी ठेवली, तेव्हा तेथे तापमान चढलेले आढळले आणि या अदृश्य किरणांचा पत्ता लागला. रिमोटच्या टोकाचा दिवा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहत कळ दाबली तर तो बहुधा जांभळट लुकलुकताना दिसतो. विद्यार्थ्यांनी हे अवश्य करून पाहावे. हे लुकलुकणे सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा होते, म्हणूनच खोलीतल्या इतर उजेडातून पेटी ते वेगळे ओळखू शकते. एनईसी नावाच्या रूढ पद्धतीत ठोके सारखेच असतात. शून्य की एक, हे दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या लांबीवरून ठरते. अशा ३२ अंकांत सारे सांगून होते. गंमत अशी की, आज्ञेपाठोपाठ तिची उलटी प्रतही पाठवितात आणि दोन्ही जुळल्या तरच पेटी हुकूम मानते. ऐकणाऱ्याने चुकीचे ऐकू नये याची एवढी काळजी. मात्र बोलणाऱ्याला आपले ऐकले गेले की नाही हे कळण्याची सोयच नाही!

रिमोट हातात असतो तेव्हा ही उणीव भासत नाही, कारण पेटीचे उत्तर आपले डोळेच आणतात. दुबईत बसलेल्याला ते डोळे नाहीत. त्यातून चालू आणि बंद करण्याची कळ बहुधा एकच. आईने साडेसहालाच हाताने पेटी लावली असेल, तर सातच्या ठोक्याला मुलाची आज्ञा ती बंद करते. वाहिनीच्या क्रमांकाचे तसे नाही. १०५ हा आकडा दोनदा पाठविला तरी वाहिनी तीच राहते.

यावर विजेचा वापर मोजणारा प्लग लावावा असे काही जण सुचवितात. पण पुष्कळ पेट्या निजल्यावरही जवळजवळ जागेपणाइतकीच वीज ओढतात. तेव्हा हा साक्षीदार कच्चा. काही उपकरणांना 'चालू' आणि 'बंद' अशा दोन स्वतंत्र खुणा समजतात. आमच्या मते हाच सरळ मार्ग होय आणि पेट्या बनविणाऱ्यांनी तो सर्वांना मोकळा करावा. एका जादा कळेचा खर्च तो काय?

याहून आम्हांला चिंता वाटते ती मुलाच्या पडद्यावर झळकणाऱ्या 'चालू' या शब्दाची. ते पेटीचे उत्तर नव्हे. व्यवस्थेने स्वतः पाठविलेल्या आज्ञेची ती केवळ आठवण आहे. पेटीचा प्लग निघालेला असो, की प्रेषकासमोर कुणी फुलदाणी ठेवलेली असो, तो शब्द बदलत नाही. आणि तो पाहून दूरचा मुलगा मनाशी म्हणतो, आई बातम्या पाहत आहे, म्हणजे बरी आहे. अशा ठिकाणी पडद्यावर 'आज्ञा पाठविली' एवढेच लिहावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जुना रिमोटही कपाटात जाऊ नये. तो आईच्या हाताशीच असावा. मुलाने सातला पेटी खुशाल लावावी, आणि सव्वासातला ती लागली का हे विचारायला आईला फोन करावा.