धरावे तसे सोडावेही

शिवाजीमहाराज १६६४ साली सुरतेच्या वाटेवर जव्हारच्या शिरपामाळावर थांबले, असे परंपरा सांगते. आमची जुनी मारुती तेथे थांबली ती ब्रेक सोडीना म्हणून! पुढचे डावे चाक तापून लालबुंद. मिस्त्रींनी चाकांना दगड लावले, कॅलिपर उतरवला, नळी जोडलेलीच ठेवून पिस्टनपुढे लाकडी ठोकळा धरला. म्हणाले, "सर, पेडल हळू दाबा." तेलाच्या दाबाने पिस्टन बाहेर आला, तो गंजलेला! ब्रेकचे तेल ओलावा शोषते; त्यात इकडचा पावसाळा. पिस्टन मागे ओढते ते रबरी सील. पिस्टन, सील, तेल नवे घालून त्यांनी नळीतली हवा काढली. वाचकहो, न सोडणारा ब्रेकही घाटात घातकच: तेल उकळले की तो धरीतही नाही.