सेकंदाचा वर्ग

नववींतल्या मुलाला ‘त्वरण म्हणजे काय?’ असें विचारलें, तर ‘वेगबदलाचा दर’ हें उत्तर तो क्षणाचाही विलंब न लावतां देतो. त्यालाच पुढें विचारावें, ‘वर फेंकलेला चेंडू अगदीं शिखरास पोंचला, त्या क्षणीं त्याचें त्वरण किती?’ ‘शून्य!’ असें तो तितक्याच तत्परतेनें सांगेल. दोन्ही उत्तरें एकाच मुखांतून निघावीं आणि त्यांतील विसंगति बोलणाऱ्याच्या ध्यानींही येऊं नये, हेंच आमच्या शास्त्रशिक्षणाचें खरें प्रगतिपत्रक होय.

शिखरावर चेंडूचा वेग शून्य होतो, त्वरण नव्हे. तेंही शून्य होऊन तसेंच राहिलें असतें, तर वेग बदलण्यास कारणच न उरून चेंडू तेथेंच लटकत राहिला असता! सेकंदाला १९.६ मीटर वेगानें चेंडू वर फेंकला, तर हवेचा अडथळा सोडल्यास प्रत्येक सेकंदाच्या अंतीं त्याचा वेग ९.८, शून्य, उणे ९.८, उणे १९.६ असा होत जातो. फरक दर वेळीं तेवढाच. हे आंकडे मुलापुढें मांडून त्याला वजाबाकी करावयास लावण्याऐवजीं आम्ही काय करितों? फळ्यावर तीन समीकरणें लिहितों आणि ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ हा मंत्र घोकवून घेतों. सेकंदाचा वर्ग आजवर कोणीं पाहिला आहे? ‘वेग दर सेकंदास इतक्यानें बदलतो’ असें म्हटलें कीं अर्थ आपोआप उलगडतो. परंतु अर्थ उलगडण्यास परीक्षेंत गुण नाहींत!

‘त्वरण’ हा शब्दही फसवा आहे. त्वरा म्हणजे घाई. तेव्हां जें जोरानें धांवतें त्याचें त्वरण अधिक, असें मुलास वाटावें यांत नवल तें काय? वास्तविक मुंबईच्या लोकलमध्यें उभ्यानें प्रवास करणाऱ्या कोणाही माणसाला खरा अर्थ अंगानें ठाऊक असतो. गाडी सुटतांना तोल मागें जातो, थांबतांना पुढें जातो, आणि सरळ रुळावर भर वेगांत एकसारखी चालली असतां खांबाला धरण्याचेंही कारण पडत नाहीं. अंगाला ठाऊक असलेलें हें ज्ञान वर्गांत पाऊल टाकतांच परकें ठरतें.

यावर आक्षेप येईल कीं, तासिका थोड्या, अभ्यासक्रम मोठा आणि साधनें तर मुळींच नाहींत. शिक्षकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ते याच घाण्यास जुंपलेले आहेत. परंतु साधनांची सबब आम्हांस मान्य नाहीं. गॅलिलिओपाशीं सेकंद दाखविणारें घड्याळही नव्हतें. भांड्यांतून पडणारें पाणी तोलून तो काळ मोजी. सहा फूट लांबीची खोबणीची फळी घ्यावी, तिच्या एका टोकाखालीं दोन विटा ठेवाव्या, आणि गोटी जेथून सोडावयाची तेथून १०, ४०, ९० व १६० सेंटिमीटरांवर खोबणींत आडवे दोरे बांधावे. गोटी सोडली कीं दोऱ्यांवरून जातांना होणारे टकटक आवाज सारख्या अंतरानें ऐकूं येतात. ते कानीं पडलेल्या मुलास समीकरण पाठ करावें लागत नाहीं. तें तो स्वतःच शोधतो.

वेळेविषयीं म्हणाल, तर १६०४ मध्यें पाओलो सार्पी यांस लिहिलेल्या पत्रांत खुद्द गॅलिलिओनें पडत्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढतो, असें चुकीचें गृहीत धरलें होतें. तो काळाच्या प्रमाणांत वाढतो, हा सिद्धांत १६३८ च्या त्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाला. एवढ्या थोर बुद्धीला चुकून सुधारण्यास वर्षें लागलीं. आमच्या मुलास चुकण्यासाठीं एक तासिकाही मिळूं नये काय?

आमचें सांगणें शेवटीं पालकांस आहे. न समजलेलें वाक्य ठामपणें बोलावें आणि त्याचें बक्षीस घ्यावें, ही संवय पदार्थविज्ञानाच्या वर्गांत जडली, तर ती तेथेंच राहत नाहीं. पुढें सभेंत, कचेरींत आणि मतदानाच्या दिवशींही ती सोबत येते. म्हणून गुणपत्रिका हातीं घेण्यापूर्वीं मुलाला अंगणांत न्यावें, चेंडू वर फेंकावा, आणि तो एक प्रश्न विचारावा.