राखून ठेवलेला डाव

लोकांचा असा समज आहे कीं, विक्षिप्तपणा ही केवळ कवि, तत्त्वज्ञ आणि आम्हां शाळामास्तरांची मिरास आहे. आखाड्याच्या वस्तादांचा सहवास ज्यांस घडला नाहीं, त्यांचाच हा समज. आमच्या आर्वी तालुक्यांतील एक वस्ताद (नांव सांगत नाहीं; त्यांचे शागीर्द अद्याप धडधाकट आहेत!) या बाबतींत आम्हां सर्वांस पुरून उरत.

नवा मुलगा आला कीं, त्याचें नांव न विचारतां, काल रात्रीं काय जेवलास, हें ते विचारीत. मल्लखांबास ‘दादा’ म्हणून नमस्कार करीत आणि त्यास हौसेनें एरंडेल चोळीत. जोडीपैकीं जड मुद्गलास त्यांनीं ‘सासरेबुवा’ असें नांव ठेविलें होतें. कारण विचारतां म्हणत, “मास्तर, त्यांस आमच्या मनाप्रमाणें फिरविण्याची जन्मांत हीच एक संधि!”

हौद्याच्या मातीवरून तर सारा गांव त्यांची थट्टा करी. आमच्याकडील कपाशीची काळी माती भिजली कीं चिकटते आणि वाळली कीं तिचें ढेकूळ होतें. म्हणून ते लाल माती आणवीत, तींत ताक, तेल व हळद कालवीत आणि चिमूट नाकाशीं धरून पाहात. “कुस्ती खेळावयाची कीं भाजी फोडणीस टाकावयाची?” असें लोक हंसत. पण तेलताकानें माती मऊ राहते आणि हळद खरचटल्यास उपयोगी पडते, हें पडणाऱ्यास कळे. एरंडेलानेंही लाकूड गुळगुळीत राहून अंगास घासत नाहीं. लहरीच्या पोटांत असें शास्त्र होतें.

त्यांच्या एका खोडीनें मात्र आम्हांस कधीं हंसूं आलें नाहीं. ते सर्व डाव शिकवीत, पण एक राखून ठेवीत. ही रीत जुनीच. शेख सादीनें १२५८ सालच्या ‘गुलिस्तां’त ३६० डाव जाणणाऱ्या मल्लाची गोष्ट सांगितली आहे. त्यानें लाडक्या शिष्यास ३५९ शिकविले. शिष्य उलटला तेव्हां उरलेल्या एकानें त्यास चीत केलें. वस्ताद ही गोष्ट मिटक्या मारीत सांगत. परंतु त्यांचे शागीर्द पायां पडणारे निघाले. कोणी उलटलाच नाहीं, म्हणून डाव बाहेर आला नाहीं; आणि एके दिवशीं वस्तादांबरोबर तोही सरणावर गेला.

आतां दुसरी रीत पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं माकडांच्या उड्या पाहून मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, अशी आख्यायिका आहे. ती विद्या शिष्यपरंपरेनें पसरली. आणि वर्धा नदीपलीकडे, अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी व्यायामप्रकार जगास दाखविले. बडोद्याच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’नें तर ही सारी विद्या १० खंडांत छापून टाकिली.

वाचकहो, आपल्याही घरीं असा एखादा वस्ताद असेल: मसाल्याचें प्रमाण ओठांवर न आणणारी आजी, किंवा काढ्यांत एक मुळी पाठ फिरवून टाकणारे काका. त्यांच्या लहरींस खुशाल हंसावें. पण हंसतां हंसतां तेवढा शेवटचा डाव मागून घ्यावा. ‘सासरेबुवा’ आजही आखाड्याच्या कोपऱ्यांत उभे आहेत. ते कोणीही फिरवील. तो डाव मात्र कोणाच्याच हातीं नाहीं.