काठीची सावली आणि कोटँजंटचा वक्र

कोटँजंटचा आलेख विद्यार्थ्यांनी पाठ करू नये. तो आधी अंगणात पाहावा आणि मग कागदावर काढावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, शिकवतो ती भाषा. तेव्हा गणितात बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. परंतु ज्या प्रसंगाने आम्हांस या विषयाकडे वळविले, तो प्रसंग भाषेचाच होता.

आमच्या हाताखालून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटीत भेटावयास आली. मुलगी गणितात हुशार. पी. यू.च्या पहिल्या वर्षास गेल्यावर सारे गणित इंग्रजीतून सुरू झाले. ती म्हणाली, "सर, शब्द आता कळू लागले आहेत. पण क्षमधून काही वजा केले की वक्र उजवीकडे का सरकतो, ते कळत नाही. वजा म्हणजे डावीकडे जायला हवा ना? म्हणून मी सगळे पाठच करते." तिचे ते 'पाठच करते' आमच्या मनास लागून राहिले.

बेळगाव-निपाणीकडील मुलाला भाषा बदलणे नवे नाही. आमचे स्वतःचे घर कोकणी. घरी 'सावळी', शाळेत 'सावली', बाजारात 'नेरळू' आणि कॉलेजात 'शॅडो', असे एकाच वस्तूचे चार शब्द आम्ही बाळगून आहोत. शब्द बदलले तरी गोंधळ होत नाही, कारण ती वस्तू आम्ही शब्दाआधी पाहिलेली असते. कोटँजंटचे मात्र उलटे होते. तेथे शब्द आधी येतो आणि वस्तू कधी येतच नाही. वास्तविक ती वस्तू सावलीच आहे!

आपल्या सूर्यसिद्धान्तादी ग्रंथांत 12 अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, घेऊन तिची सावली मोजण्याची रीत आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'तही सावलीच्या गणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. 'कोटँजंट' हा शब्द तर एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 साली रूढ केला. सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर असेल, त्या कोनाच्या कोटँजंटला 12 ने गुणले की 12 अंगुळांच्या काठीची सावली मिळते. 15 अंशांवर ती सुमारे 45 अंगुळे, 30 अंशांवर सुमारे 21, 45 अंशांवर बरोबर 12, 60 अंशांवर सुमारे 7 आणि सूर्य माथ्यावर येताच शून्य. दुपारनंतर ती दुसऱ्या बाजूस पडते, म्हणून ऋण धरावी. हे बिंदू जोडले की वक्र तयार होतो. सूर्य क्षितिजाला टेकताना सावली अमर्याद लांबत जाते. आलेखातील अनंतस्पर्शी रेषा ती हीच.

आता 'बदललेला' आलेख पाहा. 12 ने गुणल्याने वक्र उभा ताणला गेला. कोनाऐवजी घड्याळाचे तास मांडले, तर सूर्य तासाला 15 अंश सरकतो म्हणून तासांना 15 ने गुणावे लागते आणि 180 अंशांचे आवर्तन 12 तासांत मावते. सकाळी 6 ला प्रारंभ धरल्यास तासांतून 6 वजा करावे लागतात. परंतु आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशाच्या वेळेने चालते, आणि बेळगाव व निपाणी सुमारे 74.5 अंशांवर आहेत. 8 अंशांचा फरक, दर अंशास 4 मिनिटे, म्हणजे 32 मिनिटे! आपली माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास होते. सबंध वक्र अर्धा तास उजवीकडे सरकला, म्हणून 6 ऐवजी साडेसहा वजा करावे लागले. घड्याळ पुढे आहे, तेव्हा सूर्याची खरी वेळ काढण्यास त्यातून वजाच करावयास हवे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे. शेवटी, सावली काठीच्या बुडापासून न मोजता पूर्वेकडे 20 अंगुळांवर आखलेल्या रेघेपासून मोजली, तर प्रत्येक मापात 20 मिळतात आणि वक्र तेवढाच वर उचलला जातो.

वर्गात यास वेळ कोठून आणावा, दहावीच्या परीक्षेत हा आलेख थोडाच येतो, असा आक्षेप आमचे सहकारी घेतील. आमचे म्हणणे असे की, परीक्षेत येत नाही म्हणूनच तो दहावीत दाखवावा. गुणांची भीती नसताना आणि आपल्या भाषेत एकदा पाहिलेली वस्तू पुढे कोणत्याही भाषेत ओळखता येते. त्यासाठी एक तास पुष्कळ झाला.

पालकांसही एक विनंती आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य बरोबर माथ्यावर येतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारासही येतो, पण तेव्हा पावसाळी ढग असतात. मेमध्ये शाळेस सुटी. तेव्हा हे काम घरीच व्हावे. 12 सेंटिमीटरची काडी सपाट जागी उभी करावी, सकाळी 8 पासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावी आणि मापे आलेखाच्या कागदावर मांडावी. सूर्याची वाट अगदी सरळ पूर्व-पश्चिम नसल्याने मापांत थोडा फरक पडेल. त्याने खचू नये, तो का पडतो हे विचारावे. साडेबाराच्या सुमारास काडीची सावली नाहीशी होईल. तो क्षण ज्या मुलाने पाहिला, त्याचा वक्र उजवीकडे सरकायचा तो डावीकडे जाणार नाही.